चारशे किलोमीटर, दहा पावलं

टी-शर्टचं पार्सल आलं तेव्हा ती एका हॉटेलचे पडदे कापत होती. एकशे वीस खिडक्या, सगळ्या एकाच मापाच्या. पडद्यांच्या त्या कारखान्यात तिला बावीस वर्षं झाली होती आणि आजूबाजूच्या चार गल्ल्यांत तिला सगळे पडदेवाली म्हणूनच ओळखत. नवऱ्याला जाऊन सात महिने झाले होते.

पार्सल धाकट्या दिरानं पाठवलं होतं. आत एक निळा टी-शर्ट. पुढे तिच्या नवऱ्याचा फोटो, आजारपणाच्या आधीचा, कामाच्या कपड्यांतला. खाली लिहिलं होतं, ‘भावासाठी चारशे किलोमीटर’. तिनं टी-शर्ट उलटा केला. पाठीवर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत होतं, ‘तू चाल, मी आहे.’ आणि त्याखाली बारीक अक्षरांत, ‘दादाचे शेवटचे शब्द’.

तिनं ते दोनदा वाचलं. मग टी-शर्टची घडी घालून बाजूला ठेवली, खडू उचलला, पुढचा पडदा आखला आणि कापला. कापून झाल्यावर लक्षात आलं, तो नऊ इंच आखूड झालाय. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मालकीणबाईंनी विचारलं, बरं नाही का. ती म्हणाली, बरी आहे. आणि वाया गेलेल्या कापडाच्या तिनं पुसायच्या चिंध्या केल्या. कात्री शेजारी होती, पण तिनं ते हातानं फाडलं, टराटरा, शेवटच्या तुकड्यापर्यंत.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. गावातल्या अर्ध्याअधिक लिफ्ट त्याच्या हाताखालून गेल्या होत्या. लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरून तो शीळ घालायचा आणि वरच्या मजल्यावरच्या बायका म्हणायच्या, आला वाटतं शिट्टीवाला. मग एके दिवशी त्याच्या हातातून पाना पडला. महिनाभरात रोज पडायला लागला. डॉक्टरांनी लांबलचक नाव सांगितलं आणि त्यावर औषध नाही हे एका वाक्यात सांगितलं. आधी हात गेले, मग पाय, मग बोलणं. दीड वर्षात त्याच्या अंगात त्याच्या हुकमात एवढंच उरलं होतं, डोळ्यांच्या पापण्या.

आजारी माणसांच्या घरी जाऊन फुकट शुश्रूषा करणारी एक छोटी संस्था होती. तिथल्या सिस्टर आठवड्यातून दोनदा यायच्या. त्यांनीच अक्षरांची पद्धत शिकवली. बायकोनं ओळी म्हणायच्या, स्वर, क, च, ट, त, प, य, श. हव्या त्या ओळीला त्यानं पापणी मिटायची. मग त्या ओळीतलं एकेक अक्षर म्हणायचं, पुन्हा पापणी. काना-मात्रा दोघांनी पहिल्याच आठवड्यात सोडून दिल्या, कारण तेवढी ताकद त्याच्यात नव्हती. ‘पठ’ म्हणजे पाठ खाजतेय. ‘उश’ म्हणजे उशी. एकदा त्यानं ‘सप पण’ असं सांगितलं. ती पाणी घेऊन धावली. त्याला म्हणायचं होतं, सूप म्हणजे नुसतं पाणी झालंय. दोघं हसले होते, म्हणजे ती हसली होती आणि त्याच्या डोळ्यांत ते दिसलं होतं.

शेवटच्या पंधरवड्यात दोन-तीन अक्षरांच्या पुढे गाडी जात नव्हती. त्याचं शेवटचं बोलणं होतं ‘पख’. पंखा. गार लागत होतं. तिनं पंखा बंद केला, चादर वर ओढली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. त्या दोन अक्षरांवर तिचा एकटीचा हक्क होता. ती कुणाला सांगायला गेली नव्हती, कारण त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. पण त्याचे शेवटचे शब्द होते ते तेवढेच.

आणि त्या अडीच वर्षांत धाकटा दीर तीन वेळा आला होता. बाथरूमच्या फरशांचं त्याचं मोठं दुकान होतं, दीड तासाच्या अंतरावर. माणूस उंचापुरा आणि बोलायला गोड, बोलण्यावरच निम्मा माल विकायचा. तिसऱ्या खेपेला तर तो दारातच उभा राहिला होता, हातात गाडीची किल्ली, आणि खोलीत न शिरता विचारत होता, दादा कसा आहे.

पार्सल आलं त्या दिवशी तो चालायला लागून तीन दिवस झाले होते. एकूण अठरा दिवसांची वाट, डोंगरातून जाणारी, रोज संध्याकाळी एका गावी मुक्काम, तिथे लोक जमायचे, तो बोलायचा, लोक संस्थेला पैसे द्यायचे. तिनं जेवणाच्या सुट्टीत त्याला फोन लावला. तो धापा टाकत होता. तिनं विचारलं, हे शब्द कुठून आणले. तो म्हणाला, वहिनी, लोकांना धरायला काहीतरी लागतं. दादा तसंच म्हणाला असता. तिनं फोन ठेवून दिला, नाहीतर कारखान्यातल्या सगळ्या बायकांनी जेवणाचे डबे सोडून तिचं ऐकलं असतं.

दुसऱ्या दिवशी ती संस्थेत गेली. दातांच्या दवाखान्याच्या वर दोन खोल्या, लोखंडी कपाट, एक टेबल. सिस्टर फोनवर कुणाला तरी सांगत होत्या की अजून नंबर लागलेला नाही. फोन ठेवून त्यांनी तिला भिंतीवरची यादी दाखवली. एकतीस घरं वाट पाहत होती आणि सिस्टर होत्या दोन. तिनं टी-शर्ट टेबलावर टाकला आणि म्हणाली की हे खोटं आहे. सिस्टरनी मान हलवली. त्यांना माहीत होतं, नवरा गेला त्याच्या आदल्याच दिवशी त्या घरी येऊन गेल्या होत्या आणि दोन-तीन अक्षरांपुढे त्याची ताकद नाही हे त्यांनी पाहिलं होतं.

“खोटं आहे,” त्या म्हणाल्या. “पण या खोट्यावर एका सिस्टरचा पाच महिन्यांचा पगार जमलाय, चार दिवसांत. मी सहा वर्षं खरं सांगत फिरतेय, मला कुणी चहाही विचारला नाही. चालणं संपेपर्यंत काही बोलू नका. हात जोडते.”

तिला सिस्टरचा राग येऊ शकत नव्हता. या बाईनं तिच्या नवऱ्याच्या पाठीवरच्या जखमा धुतल्या होत्या. मग तो सगळा राग तसाच अंगात घेऊन ती जिना उतरली. कुणी प्रेमानं तोंड दाबलं की घुसमट काही कमी होत नाही.

आठवडाभर ती तशीच धुमसत काम करत राहिली. वर्तमानपत्रात दिराचा फोटो आला, डोंगरमाथ्यावर हात पसरून उभा. शेजारच्या इस्त्रीवाल्यानं ते पान तिच्यासाठी जपून ठेवलं होतं. म्हणाला, असा भाऊ मिळायला नशीब लागतं. तिनं पान घेतलं आणि इस्त्रीचे कपडे त्याच्याकडेच विसरून आली. त्या दिवशी तिनं मालकीणबाईंकडे आठ दिवसांची रजा मागितली.

अकराव्या मुक्कामाला ती बसनं पोचली. एका शाळेचं सभागृह होतं, मागच्या रांगेतल्या खुर्च्या लहान मुलांच्या. ती त्यातल्याच एकीवर गुडघे पोटाशी घेऊन बसली. दीर उभा राहिला. उन्हानं रापला होता, दाढी वाढली होती, लंगडत होता. त्यानं सुरुवातच अक्षरांपासून केली.

“मी ओळी म्हणायचो,” तो सांगत होता. “क, च, ट, त, प. आणि दादा पापणी मिटायचा. एक शब्द व्हायला दहा मिनिटं लागायची. मी थांबायचो. मला कसली घाई होती?”

पुढच्या रांगेतली एक बाई डोळे पुसत होती. पडदेवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सूप भरवणं त्यानं घेतलं, कूस बदलणं घेतलं, चादर वर ओढणंसुद्धा घेतलं. तिच्या अडीच वर्षांतलं जे जे लोकांसमोर मांडण्यासारखं होतं ते त्यानं उचललं होतं. जे नव्हतं, ते तिच्याकडे ठेवलं होतं. चिडून तिनं एकदा सुपाची वाटी भिंतीवर फेकली होती. एकदा ती आजाऱ्याला एकटं टाकून चार तास बसस्टॉपवर बसून राहिली होती. ते कुणाला नको होतं.

बोलता बोलता त्याची नजर मागच्या रांगेवर गेली आणि तो अडखळला. मग सावरून म्हणाला, माझी वहिनी आलीय. सगळ्यांनी वळून टाळ्या वाजवल्या. ती उठली नाही. हसलीही नाही. तिला सिस्टरची यादी आठवत होती आणि दात एकमेकांवर घट्ट रोवले होते.

सकाळी तो निघाला तेव्हा ती दारात उभी होती, पायांत रोजचेच कारखान्यातले बूट, खांद्याला पिशवी. तो म्हणाला, वहिनी, चढ आहे, झेपणार नाही. ती म्हणाली, मला काय झेपतं ते तुम्हाला माहीत नाही.

पहिले दोन दिवस ती मागेच राहिली. तो पुढे जाऊन वळणावर थांबायचा, पाण्याची बाटली पुढे करायचा. त्याच्या त्या थांबण्याचाही तिला संताप यायचा. तेव्हा थांबायचं होतं. टाचांना फोड आले, तिनं बुटांत कापडाच्या पट्ट्या कोंबल्या आणि चालत राहिली. संध्याकाळी सभा व्हायची, तो तेच सांगायचा, पण तिच्याकडे न बघता, आणि दिवसेंदिवस त्याचं बोलणं आखूड होत चाललं.

चौदाव्या दिवशी दुपारी मोठी चढण चढून ते एका सपाट कातळावर आले. खाली दरी, वर एकही झाड नाही. तो बसला. ती उभीच राहिली. तिनं विचारलं की तीन वेळा येणाऱ्या माणसाला ओळी म्हणायची पद्धत इतकी बारकाईनं कशी माहीत. सिस्टरनी सांगितली का?

त्यानं नाही म्हणून मान हलवली. मग बुटाची नाडी सोडत, बांधत, पुन्हा सोडत तो बोलायला लागला. तो तीनदा आला नव्हता. तो कितीतरी वेळा आला होता. दर महिन्याला एकदा तरी. घरासमोर गाडी लावायचा आणि आतच बसायचा. तळमजल्याचं घर, खिडकी उघडी, तिचा आवाज बाहेर यायचा. क, च, ट, त, प. ऐकून ऐकून त्याला पाठ झालं होतं. आत गेलो की दादा माझ्याकडे बघेल, एवढ्यावरच त्याचा हात गाडीच्या दारावर अडायचा. अर्धा-पाऊण तास बसून तो परत जायचा.

ती ऐकत होती. गाडी लावायची जागा आणि तिचं दार यांत दहा पावलं होती. तिला ती पावलं माहीत होती, कारण नवऱ्याची चाकाची खुर्ची ती तेवढीच ढकलून उन्हात नेत असे.

तिनं विचारलं, “बाथरूममध्ये ते माझ्या हातातून निसटले, त्या दिवशी?”

त्या दिवशी नवरा ओल्या फरशीवर पडला होता आणि ती त्याच्या खाली अडकली होती. चाळीस मिनिटं. कुणी आहे का, कुणी आहे का, म्हणून ती ओरडत राहिली होती, घसा बसेपर्यंत. शेवटी वरच्या मजल्यावरची म्हातारी काठी टेकत आली आणि तिनं रस्त्यावरच्या दोन माणसांना बोलावलं. त्या दिवसापासून तिचा डावा खांदा पुरता वर जात नव्हता.

दिरानं हातातली नाडी सोडून दिली. मग म्हणाला, “होतो. ऐकलं मी. आणि गाडी सुरू केली.”

तिनं त्याची चालायची काठी उचलली. तो मागे सरला नाही, बहुतेक मार खायच्या तयारीत होता. तिनं ती काठी दरीत भिरकावली. उजव्या हातानं, कारण डावा वर जात नव्हता.

“तू,” ती म्हणाली. सव्वीस वर्षांत तिनं त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. “तू बाहेर गाडीत बसून ऐकत होतास. मला वाटायचं, तुला माहीतच नाही. मी मनात तुझी बाजू घ्यायचे. ह्यांना सांगायचे, भाऊजींना दुकानामुळे जमत नाही. आणि तू ऐकत होतास. चारशे किलोमीटर चालतोयस ना? दहा पावलं होती. दहा.”

तो रडायला लागला. तिनं बघितलंही नाही. पिशवी खांद्याला अडकवून ती पुढे निघाली आणि पुढचे चारही दिवस त्याच्या पुढे राहिली. आता मागे तो होता, काठीविना, लंगडत. ती वळणावर थांबली नाही.

अठराव्या दिवशी दुपारी चालणं संपलं. नगरपालिकेच्या सभागृहात तीन-चारशे माणसं होती, टी-शर्टचा खर्च उचलणारा बुटांचा व्यापारी पहिल्या रांगेत, बाजूला सिस्टर. सिस्टरनी तिच्याकडे पाहिलं आणि नजरेनंच विनवलं. ती सगळं सांगायचं ठरवून आली होती आणि त्या नजरेनं ती पुन्हा अडली. एकतीस घरं. कोणत्या तोंडानं त्या घरांचा घास काढून घ्यायचा?

दिराचं भाषण चार वाक्यांत संपलं. सूत्रसंचालकाला ते पुरेसं वाटलं नसावं. तो उत्साहानं म्हणाला, आता ती अक्षरांची पद्धत प्रत्यक्ष करून दाखवा, वहिनी म्हणतील, दीर पापण्यांनी बोलतील. टाळ्या पडल्या. दिराचा चेहरा उतरला. कुणीतरी व्यासपीठाच्या मधोमध खुर्ची ठेवली आणि तो बसला, हात मांडीवर, मान जरा कलती. भावासारखंच नाक होतं त्याचं. मग ती समोर उभी राहिली आणि ओळी म्हणू लागली.

प-ओळीला पापणी मिटली. प, फ, ब, भ, म. मिटली. म. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा प-ओळ. प. तिसऱ्या वेळी ती शेवटच्या ओळीपर्यंत गेली. श, ष, स, ह, ळ. मिटली. चौथ्याला य-ओळ. य, र, ल. मिटली. मग त्यानं डोळे मिटले ते मिटलेच ठेवले.

म, प, ळ, ल. लोकांना काही कळलं नाही. काना-मात्रा भरायची सवय तिथे तिला एकटीलाच होती, आणि तिनं त्या भरल्या. मी पळालो.

सूत्रसंचालकानं हसत विचारलं, काय म्हणाले? सांगा की आम्हाला.

तिच्या लक्षात आलं की तो पुन्हा तेच करतोय. स्वतःचं ओझं तिच्या हातात देतोय, आणि तिनं ते लोकांपर्यंत उचलून न्यावं म्हणतोय. शेवटचं वर्ष तिनं एका माणसाचं तोंड होऊन काढलं होतं, कारण त्याला दुसरा इलाज नव्हता. याला होता.

“माझ्या नवऱ्याला बोलता येत नव्हतं,” ती माइकमध्ये म्हणाली. “तुम्हाला येतं. तोंड आहे तुम्हाला. उठा आणि स्वतः बोला.”

तो उठला. आणि बोलला. गाडीचं, खिडकीचं, बाथरूमच्या दिवसाचं, टी-शर्टवरच्या शब्दांचं. गोड बोलणं त्याला त्या दिवशी जमलं नाही, वाक्यं तुटत होती. मधेच बुटांचा व्यापारी उठून निघून गेला. त्याच्यामागून आणखी काही जण गेले. पुढच्या रांगेतून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, आम्हाला फसवलंत. तो म्हणाला, हो.

तो थांबल्यावर तिनं माइक घेतला. तिला नवऱ्याबद्दल बोलायचं नव्हतं. तिनं सिस्टरची यादी सांगितली. म्हणाली, “चालणारा खोटा निघाला. ही एकतीस घरं खरी आहेत. त्यांतल्या प्रत्येक घरात आत्ता कुणीतरी कुणालातरी उचलतंय, आणि मदतीला कुणी नाही. यांच्यावर चिडा, मीही चिडलेय. पण पैसे परत मागणार असाल तर इथे मागू नका. त्या घरी जाऊन मागा.”

काहींनी मागितलेच. व्यापाऱ्यानं हात झटकले, वर्तमानपत्रानं दोन दिवस दिराला सोललं. दोन नव्या सिस्टर नेमायचं ठरलं होतं, त्याऐवजी एकच नेमता आली, दीड वर्षासाठी. सिस्टर महिनाभर तिच्याशी धड बोलल्या नाहीत. मग एका दुपारी कारखान्यात येऊन खिडकीशी उभ्या राहिल्या. यादीतली अकरा नावं कमी झाली होती, वीस उरली होती. हे सांगून त्या म्हणाल्या, तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही, पण वीस आहेत. तिनं मान डोलावली.

दिरानं फोन केला तो त्यानंतर दुसऱ्या आठवड्यात. वहिनी, मी घरी येऊ का, म्हणाला. ती नाही म्हणाली. माफी मागायची होती, तर तीही ऐकून घेणार नाही म्हणाली, आणि फोन ठेवता ठेवता थांबली. नव्या सिस्टरला उचलण्याच्या कामाला एक दणकट माणूस लागत होता. तिनं यादीतल्या पहिल्या घराचा पत्ता सांगितला आणि मंगळवारी दहाला पोचायचं म्हणून बजावलं.

तो दोन मंगळवार गेला. तिसऱ्या मंगळवारी गेला नाही. नव्या सिस्टरनं सांगितलं की गाडी रस्त्यावर उभी दिसली होती, मग नव्हती. पडदेवालीनं हातातलं काम टाकलं, तिथूनच फोन लावला आणि मालकीणबाई, कारागीर बायका, दारातून माल नेणारा टेम्पोवाला या सगळ्यांच्या देखत त्याला इतकं झापलं की बाजूचं मशीन चालवणारीचा पाय पॅडलवरच राहिला. अर्ध्या तासानं नव्या सिस्टरचा निरोप आला, आलेत.

तेव्हापासून ती दर सोमवारी त्याला फोन करते. कसे आहात विचारत नाही, दुकानाचं विचारत नाही. घराचा पत्ता सांगते, मजला सांगते, रुग्णाचं वजन सांगते. तो बरं म्हणतो. मंगळवारी साडेदहापर्यंत ती फोन टेबलावर उलटा न ठेवता सुलटा ठेवते, कापत असली तरी एक डोळा तिकडे. आतापर्यंत तो पुन्हा चुकलेला नाही. तिचा राग गेलेला नाही आणि जावा असं तिला वाटतही नाही. मागच्या सोमवारी त्यानं पत्ता लिहून घेतला आणि विचारलं, वहिनी, हा माणूस बोलू शकतो का?

“नाही,” ती म्हणाली. “पण बघतो. तुम्ही आत जा.”